पोरांनी सांगितलेलं पोरांचंच राहू द्या

ट्यूशन सुटायच्या वेळेला खाली गेटपाशी आया उभ्या असतात आणि त्यातली कोणी ना कोणी मला बाजूला घेऊन हेच विचारते, ताई, हा घरी तोंडच उघडत नाही हो, डोक्यात काय चाललंय काही कळत नाही, तुमच्याशी कसा काय बोलतो? विचारताना आवाजात थोडं दुखावलेपण असतं आणि ते मला कळतं, कारण ज्याच्यासाठी रात्रीचा दिवस केला ते पोर गणिताच्या बाईला सांगतं आणि आपल्याला "काही नाही" म्हणून खोलीत निघून जातं, ते लागतंच मनाला.

मी इंदूरच्या सुदामा नगरात घरीच नववी ते बारावीची ट्यूशन घेते. काउन्सेलर नाही, सायकॉलॉजी शिकलेली नाही, पण या वयाची पोरं रोज समोर बसतात, त्यांच्याबद्दल मिळेल ते वाचत असते, आणि एक गोष्ट इतकी वेळा दिसलीय की ती आता लिहायलाच हवी. पोरं माझ्याशी बोलतात कारण माझ्याशी बोललेलं माझ्याकडेच राहतं. बस, एवढंच. माझ्याकडे कसली जादू नाहीये, मी फार गोड बोलते असंही नाही, उलट गणितात मी चांगलीच कडक आहे.

घरी काय होतं ते बघा. नववीतली एक मुलगी, कोण कुठली ते जाऊ द्या, तपशीलही मी बदललेत. मैत्रिणींनी हिला इन्स्टाच्या ग्रुपमधून काढून टाकलं, कारण सांगितलं नाही, लंच ब्रेकला कोणी शेजारी बसेना. काही दिवस गप्प राहिली आणि मग एका संध्याकाळी आईजवळ रडली. आईने जवळ घेतलं, ऐकलं, अगदी जसं ऐकायला हवं तसं ऐकलं. रात्री जेवताना बाबा म्हणाले, अरे ग्रुपमधून काढलं तर काढलं, मस्त अभ्यास कर. म्हणजे बाबांना कळलेलं होतं. सकाळी आजी देवघरातूनच म्हणाल्या, असल्या मैत्रिणी हव्यात कशाला. दुपारी पुण्याहून मावशीचा फोन, अगं राणी एवढं मनाला लावून घेतात का. आणि रविवारी शेजारच्या काकू, ज्यांची मुलगी त्याच शाळेत आहे, त्यांनी जिन्यात थांबवून विचारलं, काय गं, भांडण मिटलं का? सोमवारी शाळेत सगळ्यांना माहीत होतं की ही घरी जाऊन रडली. यात एकही माणूस वाईट वागलेला नाही, सगळ्यांची ती लाडकी, प्रत्येकाला तिची काळजीच वाटली. पण तिला जे समजायचं ते समजलं. आता आई विचारते, बेटा सगळं ठीक ना, तर ती म्हणते हो. आणि आई मला गेटपाशी विचारते, ही हल्ली बोलत का नाही?

इंदूरच्या मराठी घरांमध्ये हे जरा जास्तच होतं असं माझं मत आहे. होळकरांच्या काळापासून आपली माणसं इथे आहेत, पण हिंदी शहरात मराठी माणसं तशी मोजकीच, गणपतीत तीच, सानंद संस्थेच्या नाटकाला तीच, हळदीकुंकवालाही तीच, त्यामुळे लोकमान्य नगरातली गोष्ट राजेंद्र नगरला दिवस मावळायच्या आत पोचते. त्यात अर्धं कुटुंब पुण्या-मुंबईला नाहीतर ग्वाल्हेर-बडोद्याला पांगलेलं, रोज फोन, आणि फोनवर बोलायचं काय तर पोरांबद्दल. मी या मायेला नावं ठेवत नाहीये, इतक्या पिढ्या आपण एकमेकांना धरून राहिलो ते याच मायेवर. पण चौदा वर्षांच्या पोराला त्या मायेत एक कोपरा स्वतःचा लागतो आणि तो आपण ठेवत नाही.

त्या वयात तर तो जास्तच लागतो. स्टॅनफर्डमध्ये डॅनियल अब्राम्स आणि विनोद मेनन यांच्या टीमचा २०२२ साली आलेला एक अभ्यास आहे, तो वाचून मी बराच वेळ विचार करत बसले होते. ७ ते १६ वर्षांच्या मुलांना एमआरआयमध्ये आईचा आवाज ऐकवला आणि अनोळखी बायकांचाही ऐकवला, शब्द मुद्दाम निरर्थक ठेवले म्हणजे अर्थाचा प्रश्नच नको. लहान मुलांच्या मेंदूत आईच्या आवाजाला आनंदाशी संबंधित भागांतून जास्त प्रतिसाद मिळाला, पण साधारण तेराव्या वर्षाच्या आसपास ते फिरलं, अनोळखी आवाजाला मेंदू जास्त प्रतिसाद द्यायला लागला. आईचा आवाज ओळखायला ही मोठी मुलं सहसा चुकत नव्हती, ऐकू येत होतंच, फक्त आता बाहेरचे आवाज जास्त महत्त्वाचे झाले होते. आयांनो, हे वाचून वाईट वाटून घेऊ नका, मला तर यात दिलासाच दिसतो. पोर मुद्दाम तुमच्याकडे दुर्लक्ष करत नाहीये, त्याला पुढे ज्या जगात राहायचंय त्या जगाकडे त्याचे कान वळलेत. आणि ज्या जगाकडे कान वळलेत त्याच जगात आपली गोष्ट पसरली की ते किती होरपळत असेल हे आपण मोठ्यांनी लक्षात घ्यायला हवं. भावना उसळवणारे मेंदूचे भाग या वयात जोरात असतात आणि त्यांना आवर घालणारा कपाळामागचा भाग पंचविशीच्या आसपासपर्यंत तयार होत राहतो, त्यामुळे आपल्याला जे "एवढंसं" वाटतं ते त्याला खरोखर एवढंसं नसतं.

बरं, मग बोलायचं कधी. समोर बसवून, टीव्ही बंद करून, "ये, बस, मला तुझ्याशी बोलायचंय" असं म्हटलं की पोराला आधी वाटतं आपण काय केलं. डोळ्यात डोळे घालून या वयातली फार कमी पोरं बोलतात. गाडीवर बोलतात. अ‍ॅक्टिवावर मागे बसलेलं पोर आईच्या पाठीशी बोलतं, चेहरा दिसत नाही, सिग्नल लागला की थांबतं, हिरवा झाला की पुढचं सांगतं, आणि घर आलं की विषय संपवायची सोयही असते. मटार सोलताना बोलतात, कपडे घडी करताना बोलतात, बाबांबरोबर गाडी धुताना बोलतात. हात कामात असले पाहिजेत आणि नजर दुसरीकडे.

आणि रात्री बोलतात. याचं शास्त्र आहे, किशोरवयात झोप आणणारं मेलाटोनिन उशिरा तयार व्हायला लागतं, झोपेची वेळ लहानपणापेक्षा जवळजवळ दोन तासांपर्यंत पुढे सरकते, म्हणून दहाला आपले डोळे मिटायला लागतात तेव्हा ही पोरं टक्क जागी. झोप त्यांना तरी आठ ते दहा तास हवीच असते आणि सकाळच्या शाळेमुळे ती मिळत नाही, तो वेगळाच विषय आहे आणि त्यावर मला खूप बोलायचंय, पुन्हा कधीतरी. पण शनिवारी रात्री, दुसऱ्या दिवशी सुट्टी असताना, एकाच पोराला घेऊन सराफ्यात जाऊन बघा. एकालाच, सगळं घर नको. सोन्याचांदीची दुकानं बंद होऊन ओट्यांवर कढया मांडल्या की तिथे इतका गलका असतो की कोणी कोणाचं ऐकत नाही, हातात भुट्ट्याचा कीस, थंडी असेल तर गराडू म्हणजे तळलेला कंद, आणि चालताचालता पोर असं काही बोलून जातं की घरी महिनाभरात बोललं नसतं. एका बाबांनी मला सांगितलं की त्यांच्या मुलाने बारावीत मॅथ्स नको हे सराफ्यातून राजवाड्याकडे परत येताना सांगितलं. ते म्हणाले, मी फक्त "अच्छा" म्हटलं आणि पुढे चालत राहिलो. मला ते इतकं आवडलं! त्या क्षणी "अरे पण इंजिनीअरिंगचं काय" असं विचारणं किती सोपं होतं, विचार करा.

कारण बोलायला सुरुवात झाली की पहिल्या पाच मिनिटांत आपण ते बंद पाडतो. उपाय सांगतो. आमच्या वेळी असं होतं म्हणून सांगतो. मुलगा असेल तर "पोरासारखं राहा" म्हणतो, हे अजूनही सर्रास चालतं आणि मला त्याचा खूप राग येतो, रडू येणारा मुलगा मग रडायचं थांबवत नाही, आपल्यासमोर रडायचं थांबवतो. आणि अजून एक आपल्याकडचं खास, भाषा सुधारतो. इथली पोरं शाळेत इंग्लिश, मित्रांशी हिंदी, आजीशी मराठी, त्यामुळे मनातलं बोलताना सगळी खिचडी येते, "आई यार वो मेरे को इग्नोर मारते हैं, मला खूप अजीब वाटून राहिलंय". या वाक्यावर "नीट मराठीत बोल" म्हणणारी आई मी स्वतःच्या कानांनी ऐकलीय. मराठी टिकायला हवी, मलाही तळमळ आहे, पण ती दुपारी टिकवा, पोर रडत असताना नको.

मी काय करते तर आधी विचारून घेते, बेटा, नुसतं ऐकू की काही सुचवू? बहुतेक वेळा उत्तर येतं, नुसतं ऐका काकू. मग मी नुसतं ऐकते. "कसं वाटलं" हा प्रश्न मला फारसा उपयोगाचा वाटत नाही, पोरं "पता नहीं" म्हणतात आणि खरंच त्यांना माहीत नसतं. त्यापेक्षा मी अंदाज करते, राग आला की लाज वाटली? की दोन्ही? एकटं पडल्यासारखं? अंदाज चुकला की ती दुरुस्त करतात, "नाही, लाज नाही, मतलब, धोका दिल्यासारखं वाटलं", आणि ते दुरुस्त करतानाच त्यांचं त्यांना सापडतं. लॉस एंजेलिसच्या विद्यापीठात मॅथ्यू लीबरमन यांनी २००७ मध्ये दाखवलं होतं की रागावलेले, घाबरलेले चेहरे बघताना त्या भावनेला नाव दिलं की मेंदूतल्या अमिग्डालाची, म्हणजे धोक्याची घंटा वाजवणाऱ्या भागाची, धावपळ कमी होते. तो प्रयोग मोठ्या माणसांवर होता, पण समोर बसलेल्या पोराचे खांदे खाली येताना मी पाहिलेत, त्यामुळे मला ते पटतं.

आता मुख्य गोष्ट, बोलून झाल्यावरची. तिकडे कोणी लक्षच देत नाही. पोराने सांगितलं, आपण ऐकलं, छान झालं, आणि मग आपण ते नवऱ्याला सांगतो कारण नवऱ्याला सांगायलाच हवं असं आपण धरून चाललेलो असतो. सांगायचं असेल तर पोराला विचारा. "हे बाबांना सांगू का? किती सांगू? की तू सांगशील?" एवढे प्रश्न. पोर नाही म्हणालं तर का नाही ते विचारा, ते बऱ्याचदा म्हणतं की बाबा चिडतील, मग त्यावर बोलता येतं. कधी ते म्हणतं, सांग पण मला त्याबद्दल विचारू नको म्हणावं. हेही चालतं, आणि बाबांनीही ते पाळायचं, जेवताना विषय काढायचा नाही, सूचक बोलायचं नाही, डोक्यावरून हात फिरवून "मी आहे रे" असंही म्हणायचं नाही, काही दिवस थांबायचं. बाबांना यात डावलल्यासारखं वाटतं हे मला माहीत आहे. पण बाबांचंही तसंच, पोराने त्यांना काही सांगितलं तर त्यांनी ते बायकोला न विचारता सांगायचं नाही. दोघांनी आधी आपसांत ठरवून घ्या की काय बोलणं झालं हे एकमेकांना खोदून विचारायचं नाही.

आजी-आजोबांपर्यंत, मावशी-आत्यापर्यंत तर परवानगीशिवाय काहीच जायला नको. मार्कसुद्धा नको. रिझल्टच्या दिवशी फॅमिली ग्रुपवर मार्कशीटचा फोटो टाकण्याआधी पोराला विचारा, चांगले मार्क असले तरी विचारा. पोरांना आपण भरवशाचे आहोत की नाही हे अशाच छोट्या गोष्टींतून कळतं, आणि छोटी गोष्ट सांभाळली गेली की मग कधीतरी मोठी येते. आधी ते परीक्षा घेतात, मी हे कितीदा तरी पाहिलंय, एखादी बारकीशी गोष्ट सांगून बघतात आणि मग काही दिवस कान टवकारून असतात, ती कुठे निघते का.

डायरी वाचणं, झोपल्यावर फोन उघडून चॅट बघणं, यावर आया माझ्याशी वाद घालतात, काळजी वाटते हो ताई. लहान मुलांच्या फोनवर लक्ष ठेवायलाच हवं, पण ते उघडपणे, आधी सांगून, नियम ठरवून. चोरून वाचलेलं कधी ना कधी तोंडातून निघतंच आणि त्यानंतर पोर काहीही लिहीत नाही, कुठेच नाही.

हे सगळं म्हणून झाल्यावर एक गोष्ट तितक्याच ठामपणे सांगायचीय, नाहीतर माझं अर्धंच ऐकलं जाईल. काही गोष्टी ठेवून घेता येत नाहीत. जिवाला धोका असेल, कोणी नको तिथे हात लावत असेल, फोटोवरून कोणी धमकावत असेल, घरात किंवा बाहेर मारहाण होत असेल, तर ते ज्याला सांगायला हवं त्याला सांगावंच लागतं. हे पोराला आधीच सांगून ठेवा, सगळं ठीक असताना. मी माझ्या ट्यूशनच्या मुलांना वर्षाच्या सुरुवातीलाच सांगते, तुम्ही सांगाल ते माझ्याकडे राहील, फक्त तुमच्या जिवाला किंवा शरीराला धोका असेल तर मी तुमच्याबरोबर जाऊन मदत मागेन, पण आधी तुम्हाला सांगून, तुमच्या पाठीमागे नाही. एकाही पोराने यावरून माझ्याशी बोलणं बंद केलं नाही. नियम माहीत असला की त्यांना बरंच वाटतं.

आणि शंका आली तर स्पष्ट विचारा. "जगू नये असं वाटतं का? मरायचे विचार येतात का?" हे शब्द तोंडातून काढायला आपण घाबरतो, वाटतं आपणच डोक्यात घालू. तसं होत नाही, विचारल्याने ते विचार वाढत नाहीत हे अभ्यासांतून पुन्हापुन्हा दिसलंय, उलट पोराला वाटतं की शेवटी कोणीतरी विचारलं. झोप, जेवण, मित्र, खेळ हे सगळं दोनेक आठवडे बिघडलेलं दिसलं, आवडती वस्तू कोणाला देऊन टाकायला लागलं, "मी नसलो तर" असं बोलायला लागलं, तर वाट बघत बसू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे १० ते १९ वयातल्या दर सातांपैकी एकाला मानसिक आजाराचा त्रास असतो. माझ्या एका बॅचचा विचार केला तर हा आकडा मला झोपू देत नाही.

इथल्या भंवरकुआं भागातल्या कोचिंगमध्ये खरगोन, खंडवा, देवासकडून येऊन होस्टेलला राहणाऱ्या पोरांचं तर अजून अवघड, त्यांचं घराशी बोलणं फोनवरच, आणि फोनचं पहिलं वाक्य "टेस्टमध्ये किती आले" हेच. अशा पालकांना माझी कळकळीची विनंती आहे की निदान आठवड्यातला एक फोन असा ठेवा ज्यात टेस्टचं नावच निघणार नाही. मेसचं जेवण, रूममेट, पाऊस, कशावरही बोला. आणि त्या फोनवर ऐकलेलं स्पीकर ऑन करून घरभर ऐकवू नका, पोराला तिकडून आवाजावरून लगेच कळतं कोण कोण बसलंय.

मदतीसाठी सरकारची टेलीमानस ही फोनवरून मानसिक आधार देणारी सेवा आहे, १० ऑक्टोबर २०२२ पासून सुरू, नंबर १४४१६, पैसे लागत नाहीत, दिवसरात्र चालू, बऱ्याच भारतीय भाषांत बोलता येतं. पोर स्वतः फोन करू शकतं आणि काळजीत पडलेले आईबाबाही करू शकतात, हे पुष्कळ लोकांना माहीतच नसतं. मुलांवर अत्याचार होत असेल, पोर कुठे अडकलं असेल तर १०९८, ही मुलांसाठीची हेल्पलाइन. हे नंबर फ्रिजवर चिकटवू नका, फ्रिजवर लावले की येणारा प्रत्येक पाहुणा विचारतो की हे कोणासाठी. पोराच्या फोनमध्ये सेव्ह करून द्या, त्याच्यासमोर, त्याला हव्या त्या नावाने, आणि तेव्हाच तुमच्या फोनमध्येही करून ठेवा.